आडवी मान

(वेलिकाचं स्वयंपाकघर. दोघी शेजारणी हिवाळ्याच्या बरण्यांसाठी भाजलेल्या लाल मिरच्या सोलत बसल्या आहेत.)

वेलिका: पण बोगदाना, एकच बाई आधी ‘शी’ आणि लगेच ‘हर’? साल काढली तरी मिरची मिरचीच राहते की.

बोगदाना: करणारी ती असली की ‘शी’. कुणी तिला काही केलं, तिला जीव लावला, की ‘हर’. आय लव्ह हर. म्हण.

वेलिका: आय लव्ह शी.

बोगदाना: पालथ्या घड्यावर पाणी. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं मी, पण असली विद्यार्थिनी मिळाली नाही.

वेलिका: मग सोड. आता शिकून तरी करू काय? सून फोनच करत नाही.

बोगदाना: हेझल? ती तर दर रविवारी करायची.

वेलिका: दोन रविवार कोरडे गेले. रांगेल बोटीवर आहे, भर समुद्रात त्याला रेंज नसते. तो घरी असला की आम्हा सासू-सुनेच्या मधे दुभाषी बसतो. तो नसला की आम्ही फोनच्या पडद्यावर नुसत्या एकमेकींची तोंडं बघतो.

बोगदाना: काही बोललीस का तिला? तुझं तोंड माहितीये मला.

वेलिका: तोंड सोडायला भाषा नको का? उलट त्या दिवशी माझ्या तोंडून शब्दच फुटला नाही. तिनं विचारलं, बाळंतपणाला माझ्याकडे याल का. हळूहळू, एकेक शब्द सोडवून विचारलं. पोरीला आई नाही गं. माझे डोळेच भरून आले.

बोगदाना: आणि मग?

वेलिका: मग काय, मानेनंच हो म्हटलं. ती नुसतं ‘ओके’ म्हणाली आणि फोन ठेवला. वरवरचं विचारलं असणार तिनं, आणि मी बया लगेच हो म्हणून बसले. नकोय मी तिला.

बोगदाना: मान कशी हलवलीस?

वेलिका: कशी म्हणजे? हो म्हणताना हलवतात तशी.

बोगदाना: करून दाखव.

वेलिका: ही अशी. इकडून तिकडे. आता मान हलवायलाही तूच शिकवणार का?

बोगदाना: अगं माझे बाई. अशी मान हलवून हो म्हणणारे आपण बल्गेरियन. तिकडे इंग्लंडात, लीड्सला, मान आडवी हलली की अर्थ ‘नाही’. पोर म्हणाली माझ्याकडे या, आणि तू डोळ्यांत पाणी आणून साफ नकार दिलास.

वेलिका: रांगेलनं सांगितलं नसेल तिला?

बोगदाना: तो तिकडचीच मान हलवायला लागलाय. मागच्या खेपेला मी विचारलं, थोडी रकिया घेणार का? यानं मान वर-खाली केली. मी ‘नको’ समजून बाटली उचलून कपाटात ठेवली. बिचारा कोरड्या घशानं गेला घरी.

वेलिका: हसू नकोस. पोटुशी पोर, घरात एकटी, काय समजून बसली असेल. हात पूस आणि फोन लाव. मी काय म्हणू ते सांग.

बोगदाना: आय वॉन्ट टु कम टु यू. आणि मान हलवू नकोस.

वेलिका: तूच मागून धर. माझ्या मानेचा भरवसा नाही.

बोगदाना: लागला. बोल.

हेझल: हॅलो? आई?

वेलिका: हेझल... आय वॉन्ट... आय वॉन्ट यू.

हेझल: तुमची मान कुणी धरलीय?

बोगदाना: मी शेजारची बोगदाना. हेझल, ऐक. आमच्याकडे ‘हो’ म्हणताना मान आडवी हलते. त्या दिवशी ती तुला हो म्हणाली होती.

हेझल: हो म्हणाल्या होत्या? मला वाटलं, मी त्यांना नकोशी आहे. परत फोन करायचा धीरच होईना.

वेलिका: काय म्हणतेय? रडतेय का ती?

बोगदाना: रडतेय, पण जीव भांड्यात पडला म्हणून. तिला वाटत होतं, ती तुला नकोय. शहाण्याच आहात दोघी.

वेलिका: माझाही पडला गं जीव भांड्यात. थांब, आता नीट म्हणते. हेझल, आय कम टु यू.

हेझल: टु अस.

वेलिका: चुकलं का माझं? ‘अस’ म्हणजे आम्ही ना? पण रांगेल तर बोटीवर आहे, घरात ती एकटीच.

बोगदाना: चुकलं नाही. तिचा हात कुठं आहे बघ.