बिनचिठ्ठीच्या बाटल्या

नाही नाही काकू, घासू नका — हेच, हेच चुकतं सगळ्यांचं, एका मनगटावर फवारलं की दुसऱ्या मनगटानं खसाखसा घासायचं, जसा काही शाईचा डाग काढताय. राहू द्या तसंच, आपोआप वाळेल. हां, आता सांगा. बुधवारी बाटली नेलीत आणि दोन तासांत वास गायब — बरं, लावता कुठे? नुसतं मनगटाला? आणि शाळेत शिकवता म्हणजे खडू आला, खडू आला म्हणजे दर तासाला हात धुणं आलं, मग टिकेल कसा हो? मानेमागे लावा, कोपराच्या खळगीत लावा. अंघोळ झाली की अंग पुरतं वाळायच्या आत साधं बिनवासाचं क्रीम चोळा आणि त्यावर फवारा, कारण कोरड्या कातडीवरनं वास असा उडतो, तापल्या तव्यावरचा थेंब जसा. आणि बाटली न्हाणीघरात ठेवत असाल — नाही? कपाटात? क्रीमसुद्धा लावता? सगळं करून झालंय म्हणता. बरं. मग एक असतं, आपल्या नाकाला सवय होते, आपल्याला येत नाही पण दुसऱ्याला येतो. शिपाईबाईंना विचारलंत? त्या काय म्हणाल्या? … हं.

मला कसं माहीत म्हणजे? हा हात बघा. आता पुसलंय, पण इथे कोपरापासून मनगटापर्यंत पेनानं सहा चौकोन असायचे. प्रत्येकात एकेक थेंब, समोर घड्याळ, आणि दर तासाला हुंगायचं — कुठला गेला, कुठला राहिला, कुठला आंबला. त्या दिवशी साबण नाही, पाणी नाही, भांडी आईच्या गळ्यात. आई म्हणायची, पोरीचा हात आहे की गणिताची वही. लिंबा-संत्र्यासारखे वास अर्ध्या तासात चालते होतात, फुलांचे दुपारपर्यंत थांबतात, आणि खाली जर राळेचा अर्क असेल ना, झाडाच्या डिंकातनं काढतात तो, तर तो बाकीच्यांना धरून ठेवतो, संध्याकाळपर्यंत हलू देत नाही. हे मला कॉलेजात नाही शिकवलं. कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. रसायनशास्त्र. नापास? मी? वर्गात दुसरी होते हो. सोडलं म्हणजे — घरी गरज होती. बाबांना मी नाक — मदत, मदत लागत होती दुकानात.

असं बघू नका. हो, तेच बाबा, पाटीवर ज्यांचा फोटो आहे. बाजारात त्यांना सगळे नुसतं 'उस्ताद' म्हणतात. आत जाऊन बघा, मागच्या खोलीत फळीवर चाळीस तपकिरी बाटल्या आहेत आणि एकीवरही चिठ्ठी नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, ज्याला चिठ्ठी लागते त्यानं किराणा विकावा. मी चौथीत असताना डोळे बांधून चाळीसच्या चाळीस ओळखून दाखवायचे मला, टाळ्या वाजवायचे मी. टाळ्या! … मग तीन वर्षांपूर्वी ताप आला. दहा दिवसांचा साधा ताप, पण तो उतरला आणि वास गेला. कसला म्हणजे, सगळाच. गॅस चालू राहिला तरी कळत नाही त्यांना. हे तुम्हाला का सांगतेय मी? कुणाला माहीत नाही हे — आई, ते आणि मी. आता तुम्ही.

तेव्हा बाबा माझ्या खोलीत आले होते, पलंगाच्या कडेला बसले. ज्या माणसानं आयुष्यात मला 'छान' एवढा शब्द दिला नाही तो माणूस रडला हो, शर्टाच्या बाहीनं नाक पुसत रडला. म्हणाले, सहा महिने थांब, फक्त सहा महिने, नाक परत येईल, मग तू जा कॉलेजात. आई दारात उभी, म्हणते, बाप आहे तुझा. जसं काही मी विसरले होते. थांबले. चाळीस बाटल्यांची जागा ठरवून दिली — डावीकडून तिसरी राळ, चौथी बाटल्या विसळायचं नुसतं स्पिरिट, असं पाठ करून घेतलं त्यांच्याकडून, पहिलीतल्या पोराकडून पाढे घ्यावेत तसं. चिठ्ठ्या लावूया म्हटलं तर अंगावर आले. लोक बघतील म्हणे! सहा महिन्यांची तीन वर्षं झाली. एकदाही, काकू, एकदाही विचारलं नाही की तुझं काय.

मग साबणाच्या कारखान्यात जागा निघाली, त्यांच्या प्रयोगशाळेत, वास तपासायला. डिग्री नको, नाक दाखवा म्हणाले. गेले गुपचूप. चाळीस जण होते, बारा वाट्या समोर ठेवल्या, मी बाराही वास बरोबर सांगितले, दोन वाट्यांत काय मिसळलंय तेसुद्धा. साहेबानं खुर्चीवरनं उठून हात मिळवला. आणि आठवड्यानं पत्र — आपल्या वडिलांशी बोलणं झालं, सबब आपली निवड रद्द करण्यात येत आहे. मी फोन केला. त्या साहेबालाच वाईट वाटत होतं बिचाऱ्याला. म्हणाला, निवड कळवायला दुकानात फोन केला तर उस्तादांनी स्वतःच सांगितलं, पोरीला वासातलं काही कळत नाही, तुम्ही कुठल्या वाट्या ठेवता ते मला ठाऊक, मीच तिच्याकडून घोकून घेतलं होतं, माझी चूक झाली, माफ करा. वर माफी मागितली! म्हणजे मी लबाड आणि हे सज्जन. धंदा केवढासा आहे आमचा, काकू — आता कुठल्या दारात उभी राहू मी? पत्र बाबांसमोर ठेवलं. चष्मा लावून वाचलं, नीट घडी घातली आणि म्हणाले, जाऊ दे, नोकरीत काय ठेवलंय. आणि जेवले. व्यवस्थित जेवले.

तुमची बाटली — द्या बघू इकडे. हं. नाही, तुमच्या कातडीला काही झालेलं नाही. मघाशी सांगितलं ते सगळं खरं आहे, क्रीम वगैरे, पण ते या बाटलीला लागू नाही. यात राळच नाही. पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मागची फळी पुसली, बाटल्या खाली काढल्या, परत ठेवल्या, आणि तिसरीच्या जागी चौथी गेली. मुद्दाम? — माहीत नाही. देवाशप्पथ, ठेवताना माहीत नव्हतं. पण संध्याकाळी त्यांनी डावीकडून मोजत तिसरी उचलली, नव्या मालाच्या पिंपात ओतली, तेव्हा मी दारात उभी होते. माझ्यापर्यंत वास आला, नुसत्या स्पिरिटचा. तोंड उघडलं नाही मी. मग ते पिंप महिनाभर मुरत पडलं होतं मागे. रोज त्याच्या बाजूनं जात होते. रोज वाटायचं, आज सांगावं. सत्तर बाटल्या भरल्या त्यातनं, पहिली तुमची. तुम्ही आलात तशा अजून येतील, आणि सगळे त्यांनाच विचारतील, उस्ताद, हे काय?

पायरी वाजली ना? तेच. नाही, थांबा, जाऊ नका. गंमत सांगते, लवकर. गिऱ्हाईक समोर असलं की बाबा कागदाची पट्टी नाकाशी धरतात, डोळे मिटतात, आणि डोळे उघडले की आधी माझ्या हाताकडे बघतात. मूठ असली तर माल चांगला, बोटं पसरलेली असली तर बिघडलाय. तीन वर्षांत एकालाही कळलं नाही, एवढे शहाणे लोक येतात इथे.

या बाबा. या बाई शाळेत शिकवतात. आपली नवी बाटली नेली होती, वास टिकत नाही म्हणतात. ही घ्या पट्टी, आत्ताच बुडवलीय. तुम्हीच सांगा त्यांना, काय कमी पडलंय यात.

… काय झालं? माझ्याकडे काय बघता? हात मागे आहेत माझे. त्या तिकडे उभ्या आहेत, त्यांना सांगायचंय. बोला ना, बाबा. त्या वाट बघतायत — बोला की.

… बाबा. बाहीनं नाक पुसू नका असं.

काकू, तुम्ही निघा. नाही, बाटली राहू द्या इथे. निघा म्हणते ना.