भूक लागावी म्हणून एसी

...नाही, भिंतीले छेद पाडाच्या आधी ऐका सुशीलभाऊ, हा एसी हौसेचा नाही — माया बायकोसाठी, कांतासाठी आहे, तिले भूक लागावी म्हणून. हसा, सुपेल्याच्या दुकानात तुमचा मालकबी हसला. ती म्हणते, गर्मीनं घास उतरत नाही, अन् एका पोळीवर ताट सारते. अन् ते खरंच आहे — मी वाचलं ना — थंडीत अंग गरम ठेवाले शरीराले जास्त जळतण लागते, मंग पोटातलं भुकेचं रसायन, घ्रेलिन का काय, ते जोर करते. गर्मीत शरीरच म्हणते, कायले अजून आग पेटवता. मले त वाचाचीबी गरज नव्हती. अठरा वर्षं स्टील प्लांटात कोक ओव्हनच्या भट्टीवर होतो — डब्यातल्या निम्म्या पोळ्या वापस येत. मंग एसीवाल्या कंट्रोल रूममध्ये बदली झाली, अन् सहा पोळ्या खाऊनबी बाजूले बसणाऱ्या चंपतच्या डब्यावर नजर — तो बिचारा फायलीमागं डबा लपवे.

खोटं वाटते? थांबा, डायरी दाखवतो. प्लांटात तासातासाले तापमान लिहाची सवय, ते घरीबी सुटली नाही — दिवसाचं तापमान, माया पोळ्या, कांताच्या पोळ्या. नऊ वर्षं, रोज. ती म्हणते, तुमी जेवून राहिले का भट्टी चालवून राहिले.

हे पाहा, कालचं — चव्वेचाळीस डिग्री, मी तीन, ती एक. आता जानेवारी — हे, दहा डिग्री, आमच्या रिसालीत सारे शेकोट्या पेटवून बसले होते, मी सहा. दिसलं? अन् कांता... एक. असते एखादा दिवस. सतरा तारीख — एक. अठरा — अर्धी. खाली मीच लिहिलं, 'कांता म्हणे, थंडीनं पोट जड.' डिसेंबर... एक, एक, दीड. दिवाळीत तिच्या तीन होत्या, भाऊ. मंग हे गर्मीचं... तवा कुठं होती गर्मी?

रोज मीच लिहिलं. पण वाचत होतो फक्त माया रकाना. हळू बोला, ती किचनमध्ये आहे — तुमी कुठं बोलले म्हणा, मीच बोलून राहिलो.

ड्रिल ठेवा खाली. आज नाही बसवाचा. कांता — गॅस बंद कर, चप्पल घाल, दवाखान्यात जाऊ. कायले म्हणजे? सांगतो रस्त्यानं. आत्ताच. तुमी निघा भाऊ, दार लोटून घ्या.