नाचाचा भार

मी स्टीलची डिझाइनं करतो, त्यामुळे माझ्याशी भांडणारे सगळे 'स्टील कमी कर' म्हणून भांडतात. 'जाड कर' म्हणून भांडलेला माणूस एकच, आमच्या नंदाखाल गावचे पास्कू अंकल. त्यांना घरावर मोठा हॉल हवा होता. कॅनडात असलेल्या एकुलत्या एक पोराच्या लग्नात खाली जेवणं होणार, वर नाच, म्हणून मधे खांब चालणार नव्हता.

मी लांब गर्डर टाकला. भाराने त्याचा पातळ पत्रा फुगून वाकू नये म्हणून दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या दिल्या. त्या पट्ट्या स्वतःच वाकणार नाहीत ना, तेही तपासलं आणि अंकलना सांगितलं, "पास आहेत."

"सगळे एकदम नाचले तर?"

"तरी पास आहेत, अंकल."

"आमची माणसं नाचताना बघितलीयस का तू? जाड कर!"

वैतागलो, पण केल्या जाड.

परवा सहज त्यांच्याकडे गेलो. पोराने कॅनडातच लग्न केलं होतं, अंकल-आंटींनी ते मोबाइलवर बघितलं. वरच्या हॉलमध्ये केळ्यांचे घड ठेवलेले, आणि खाली गर्डरच्या बरोबर मधोमध दोघांच्या दोन खुर्च्या.

आंटींनी चहा दिला. मी वर गर्डरकडे बघून म्हटलं, "एकही पट्टी वाकली नाही हां, अंकल."

अंकलनी वर बघितलंसुद्धा नाही.

"वाकवायला कोणी यायला पाहिजे ना, बाबा."