दुखलं तर हात वर करा

उघडा अजून. — अजून थोडं. — हां, बस, आता हा रबराचा ठोकळा दाढांमध्ये ठेवते, म्हणजे तोंड मिटणार नाही आणि तुम्हाला आ वासून ताटकळायला नको. इंजेक्शन दिलंय, आता हळूहळू ओठ जड होईल, गाल आपला नाहीच असं वाटेल, तर घाबरायचं नाही. आणि एक नियम आहे माझा — दुखलं तर डावा हात वर करायचा. मी लगेच थांबते. लहान मुलांना सांगते तसंच बेलीफसाहेबांनाही सांगते, या खुर्चीत सगळे सारखे. नाही नाही, बोलायचा प्रयत्न करू नका, काही कळत नाही मला, नुसतं ग ग ग ऐकू येतं. मीच बोलते. माझी सवयच आहे ती — इतकी वर्षं लोकांच्या उघड्या तोंडाशी बोलतेय मी, आपणच विचारायचं आणि आपणच उत्तर द्यायचं. बरं असतं ते. कोणी मध्ये तोडत नाही.

आणि हो, मनात काही आणू नका. डॉक्टरने दाढ काढून दिली म्हणजे लाच दिली, असं काही नाही. तुम्ही गाल धरून त्या गल्लीतून आलात ना, तेव्हा मी गाडीतच ओळखलं, हे दुखणं घरी जाऊन लवंग धरण्यातलं नाही. किती दिवस अंगावर काढलंत? बघा ना, एक्सरेत अर्धी दाढ पोखरलेली. आणि तशा तोंडाने तुम्ही लोकांच्या दारात उभे राहून कोर्टाचे हुकूम वाचून दाखवता. धन्य आहे. — दिवा डोळ्यांवर येतोय का? थांबा, खाली घेते. असिस्टंट नाहीये आज. शनिवारी दुपारनंतर मी तिला सुट्टीच देते, पेशंटही घेत नाही, बाहेर पाटी आहे तशी. शनिवार चार वाजल्यापासून रविवार संध्याकाळपर्यंत मुलगी आईकडे — असा हुकूम आहे ना, तुमच्यापेक्षा कोणाला जास्त पाठ असणार तो. मग मी शनिवार मोकळा ठेवते. हुकूम झाल्यापासून ठेवतेय. चार वाजतात, पाच वाजतात, मी इथे ही सगळी हत्यारं पुन्हा एकदा उकळून घेते. उकळलेलीच असतात खरं तर.

कसंय ना, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, ते अर्धंच सांगतात लोक. चढून, जिंकून, खाली उतरल्यावर काय करायचं ते कोणी सांगत नाही. मी जिंकले ना. न्यायाधीशबाईंनी स्वतः सांगितलं त्याला, मुलीच्या बापाला, की मुलीला आईची गरज आहे, तुम्ही अडवू शकत नाही. त्याने मान डोलावली. बाहेर येऊन जिन्यात मला पाणीसुद्धा विचारलं — इतका सज्जन माणूस. आणि पहिल्याच शनिवारी काय, तर तिला ताप आहे. मग परीक्षा. मग मैत्रिणीचा वाढदिवस. मग झोपलीये, उठवू का? आता झोपलेल्या पोरीला उठव असं कुठली आई म्हणेल? नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात तसं. शेवटी फोन उचलणंच बंद. मग वकीलबाई म्हणाल्या, आता अंमलबजावणीचा अर्ज करू, बेलीफ जाईल. तुम्ही गेलात, दाराला कुलूप. परत गेलात, परत कुलूप. तसं लिहून दिलंत तुम्ही, खरंच होतं ते. आणि आज मी गल्लीच्या तोंडाशी गाडीत बसले होते, कारण वकीलबाईंनी बजावलं होतं, तुम्ही दारात जायचं नाही, तमाशा होतो. तिथून दार दिसत नाही हो. नुसतं कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान दिसतं. तो माणूस शर्टामागून शर्ट इस्त्री करत होता आणि मी काच खाली करून ऐकत होते, काही आवाज येतो का. आणि तुम्ही आलात तर एकटेच, गाल धरून, एवढंच म्हणालात — नाही झालं, मॅडम. पुढचं बोलवेना तुम्हाला.

ओठ जड झाला? टोचून बघते. — हे कळतंय? हे? — छान. अजून दोन मिनिटं थांबू.

तर सोमवारी तारीख आहे. वकीलबाई विचारणार, पोलीस मागायचे का? मी म्हटलं, बेलीफसाहेबांचं काय म्हणणं येतं ते बघू आधी. म्हणून विचारते. हाताने सांगा — हो असेल तर हात वर, नसेल तर राहू द्या. आज कुलूप नव्हतं ना? — नव्हतं. बघा. म्हणजे दार उघडलं. त्यानेच उघडलं असणार, तो बनियनवर दार उघडतो, शनिवारी बाहेर जायचा कंटाळा त्याला. — नाही? मग त्याच्या आईने. सासूबाईंनी. त्या माझं नाव निघालं की तोंड असं करतात, कारल्याचा — जाऊ दे. — त्यांनीही नाही? मग कोण राहिलं घरात?

तिने?

तिने उघडलं? माझ्या लेकीने? — अहो मग हे आधी नाही का सांगायचं! हां, कसं सांगणार, मीच ठोकळा घातलाय तोंडात. कशी दिसते? उंच झाली? इथपर्यंत? — माझ्या खांद्याला? — अग बाई. केस बांधलेले होते की मोकळे, हे हाताने कसं सांगणार तुम्ही, वेडीच आहे मी. थांबा, साधं विचारते. दातांवर तारा होत्या ना? ब्रेसेस? हसली नसेल तुमच्याकडे बघून, पण बोलताना दिसतातच. मी बसवल्यात त्या, या इथे, याच खुर्चीत. — होत्या ना? — हात वर करा ना. — अहो नीट आठवा, चकाकतात त्या, लांबून दिसतात.

नाहीत.

म्हणजे काढल्या. दुसऱ्या कोणाकडे तरी नेऊन काढल्या. — सक्शन लावते जरा, तोंडात पाणी साठलंय तुमच्या.

आता बघा, दुसरा डॉक्टर काय म्हणाला असेल, मी इथे बसून सांगते. म्हणाला असेल, एवढ्या लवकर कशाला बसवल्या, दुधाचे दात तरी पडू द्यायचे होते. लवकर बसवल्या, मान्य. वर्ष-दोन वर्षं थांबलं असतं तरी चाललं असतं. पुढचे दोन दात जरा मोठे, बस — तिचे बाबा तिला त्यावरून ससुली म्हणतात, आणि ती खूशही होते. पण काय असतं, तारा दर महिन्याला आवळाव्या लागतात. केस चालू, हुकूम नाही, भेटू कोणी देत नाही, पण दातांचं काम अर्धवट सोडता येत नाही ना? आणावंच लागतं. आणि तो आणायचा, वेळेवर आणायचा, बाहेर पेपर वाचत बसायचा. मला कोर्टाने नव्हतं दिलं ते त्या तारेने दिलं होतं. काम वीस मिनिटांचं. मी तासभर लावायची. एकेक दात पुसायची, आरशाने बघायची, आणि बोलायची तिच्याशी — तुझ्या खोलीत पडदे बदललेत, तुझी उशी तशीच आहे, एकटीला जेवण जात नाही, मी आता दवाखान्यातच डबा खाते — सगळं सांगायची. ती ऐकायची. तोंडात माझी बोटं, बोलणार कशी? पण ऐकायची, डोळे या दिव्याकडे लावून. माझा महिना त्या तासावर निघायचा, खोटं नाही सांगत. आणि काय हो, त्या घरात मी चोवीस तास बोलायची तेव्हा जे ऐकत नव्हतं कोणी —

हात? — दुखतंय? मी तर अजून दाढेला हातही लावला नाही. — हां, ठोकळा टोचतोय. सरकवते. झालं. तुम्ही बरे, लगेच हात वर करता.

ती पण करायची. नियम तिलाही होताच. करायची हात वर, आणि मी म्हणायची, झालंच हं बाळा, थोडंच राहिलंय. ती खाली घ्यायची. परत वर करायची. थोडंच राहिलंय. — मोठ्या माणसांना कळतं, मुलांना वेळ जास्त वाटतो, एवढंच. आवळल्यावर दुखतंच थोडं, दोन दिवस चावता येत नाही, जगात सगळ्यांना होतं ते. मी काय मुद्दाम जास्त आवळत होते? जरा — जास्त आवळल्या की पुढच्या महिन्याऐवजी पंधरा दिवसांत बघावं लागतं, पण ते एकदाच केलं होतं मी. किंवा दोनदा.

तोंड असंच ठेवा. सुन्न झालंय आता पूर्ण, काढूया. दाब कळेल, दुखणार नाही. आवाज येईल जरा, कुरकुर, घाबरू नका. — हं. — मान घट्ट. — तर मी काय विचारत होते. ती काही म्हणाली तुम्हाला? — म्हणाली. तो मागे उभा असणार, दाराआड, आणि शिकवलेलं बोलत असणार पोर. खरं ना? तो होता मागे? — नव्हता. आजी? — आजीही नाही. एकटी होती घरात. मग कोणाच्या धाकाने — — थोडं उजवीकडे वळा. — हलतेय दाढ, सुटतेय. — एकटी होती, आणि दार उघडलं, आणि तुम्ही हुकूम सांगितलात, की आई खाली गाडीत थांबलीये, आणि ती म्हणाली —

मी येणार नाही. असं म्हणाली?

खाली घ्या हात. कळलं. — खाली घ्या म्हटलं ना, कळलं मला.

आली. ही बघा, केवढी मुळं. तोंड नका फिरवू, बघा, लोकांना आवडतं बघायला. हिनेच छळलं तुम्हाला इतके दिवस. — ठोकळा काढते. हा कापसाचा बोळा, घट्ट चावून धरा. बोलायचं नाही. बोललात तर रक्त थांबायचं नाही, अर्धा तास तरी तोंड उघडायचं नाही. चूळ भरायची नाही, गरम काही नाही, आइस्क्रीम चालेल.

उठा सावकाश. चक्कर? — बसा मग मिनिटभर.

दादा, एक सांगते. साहेब-बिहेब सोडा, तुम्ही माझ्या मोठ्या भावाच्या वयाचे आहात. ते सोमवारी लिहून द्यायचंय ना तुम्हाला — लिहा, दार बंद होतं. कुलूप होतं. मला माहितीये काय मागतेय ते, सरकारी माणूस आहात, खोटं लिहायचं नाही तुम्ही. पण तिने सांगितलेलं लिहिलंत ना, की ते कागदावर आलं. न्यायाधीशबाई वाचणार, तो वाचणार, उद्या ती मोठी झाली की तीसुद्धा वाचेल, की एवढ्याशा वयात मी आईला असं म्हणाले होते. कशाला? कुलूप लिहा. पोलीस नाही मागत मी. पोलीस गेले तर दार तीच उघडणार ना, आणि आपलेच दात, आपलेच ओठ, कोणाला काय करणार? मी नुसता परत अर्ज करीन, तुम्ही परत जाल, परत कुलूप असेल. शनिवार मी मोकळा ठेवीन. त्याला शिव्या देत बसेन, की अडवतो मेला, माझी पोर अडवून ठेवतो. तेवढं राहू द्या मला. तो अडवतोय म्हणून येत नाही, एवढं राहू द्या.

नाही, बोळा काढू नका. — अहो, काय करताय, रक्त येईल. — मान का हलवताय? आणखी काही म्हणाली ती? पुढे काही म्हणाली? — नको. नका सांगू. हाताने पण नको. चावून धरा म्हटलं ना मी. काय असेल ते — चांगलं असेल तरी नको, आज नाही ऐकवणार मला.

जा आता. जिन्यात दिवा नाहीये, कठडा धरून उतरा. गोळी रात्रीची चुकवू नका. आणि उद्या फोन करून कळवा, दाढ कशी आहे. तेवढंच कळवा.