फ्रीसेनबाईंची रायफल

कॅनडातल्या सस्कॅटूनजवळच्या नेमबाजीच्या मैदानावर मी रांगेत उभा होतो. पुढे एक तरुण आणि पिकल्या मिशांचे काका, काकांच्या खांद्यावरच्या रायफलीबद्दल बोलत होते.

"काका, ही चिनी लष्कराचीच रायफल ना?"

"तिची धाकटी बहीण. घोडा एकदा ओढला की एकच गोळी. सलग गोळ्या झाडणारी असती तर सरकारनं बंदरातच अडवली असती."

"आणली कुणी?"

"विल्मा फ्रीसेनबाईंनी, बंदुका आयात करतात त्या. पहिला नमुना आला, तो त्यांनी परवानाधारक कारागिराला दिला. म्हणाल्या, हिला सलग झाडायला लावून दाखव."

"वेड लागलं होतं का बाईंना?"

"इतक्या सहज बदलता येणारी बंदूक इथे कायद्यात बसत नाही रे. त्यानं तर आठवड्यात लावली. बाईंनी अख्खी खेप रद्द केली आणि कारखान्याला आतली रचनाच बदलायला लावली."

"दुसरा कुणी गुपचूप विकून मोकळा झाला असता."

"म्हणून तर बाईंना मानतो. वर्षानं नवा नमुना आला, तो परत त्याच कारागिराकडे."

"मग?"

"अख्खा हिवाळा झटला, पण नाही जमलं. शेवटी बाईंसमोर हात टेकले."

"बिचारा."

"बिचारा कसला? हरल्याचा एवढा आनंद मला उभ्या जन्मात झाला नव्हता."