खालच्या मैदानावरची हवा

भाऊ : मोठ्यानं बोल ताई. पोरांचा सराव चालू आहे.

बहीण : तो आधी थांबव.

भाऊ : शर्यत तोंडावर आलीय, आणि थांबवू?

बहीण : तुमच्या खोऱ्याची वीस वर्षांची हवा तपासत होते ना मी, ते काम काल संपलं. हिवाळ्यात पहाटे थंड हवा तळाशी बसते, वर उबदार हवेचं झाकण. कारखान्यांचा धूर उन्हं वर येईपर्यंत जमिनीलगतच कोंडून राहतो. दर हिवाळ्यात जास्तच.

भाऊ : नगरपालिकेच्या गच्चीवरचं हवा मोजायचं यंत्र तर हिरवं दाखवतं. रोज बघतो मी.

बहीण : नगरपालिका टेकडीवर आहे. धुराच्या वर.

भाऊ : आणि वीस वर्षांपूर्वी इथं मोजायला कोण बसलं होतं?

बहीण : कुणी नाही. उपग्रहांनी पाहिलेलं, लांबच्या केंद्रांवर मोजलेलं, असं सगळं संगणकात एकत्र घालून तेव्हाची हवा पुन्हा उभी करतात.

भाऊ : म्हणजे अंदाजच की.

बहीण : अंदाजच. तोही अख्ख्या खोऱ्याचा मिळून. तुझं मैदान तर पार तळाला, तिथं याहून वाईट असणार. समोर काय दिसतंय तुला?

भाऊ : धुकं.

बहीण : वास?

भाऊ : जळकट. रोजचाच आहे तो.

बहीण : तुझ्या ठकीचा खोकला कसा आहे?

भाऊ : तिच्या आईनं लावालावी केली वाटतं. अगं, पोरगी सगळ्यांच्या पुढे पळते.

बहीण : शिट्टी वाजव. माझ्यासाठी वाजव.

भाऊ : बरं. थांब... या रे सगळे. चालत या, पळू नका... ताई, ठकी नाही यांच्यात.

बहीण : नीट बघ.

भाऊ : कुणी पाहिलं का रे तिला? नाही म्हणतात. चार हातांपलीकडचं दिसत नाहीये मला.

बहीण : फोन कानालाच ठेव. हाका मार.

भाऊ : ठके... ओ दे गं... ठके...

बहीण : काही ऐकू येतंय?

भाऊ : वळणापाशी काहीतरी घरघरतंय. सापडली. खाली बसलीय. ताई, ओठ निळे पडलेत हिचे.

बहीण : आडवी करू नकोस. बसलेलीच उचल आणि गाडीत घाल. टेकडीवरच्या दवाखान्यात ने.

भाऊ : उचललं. पोरांनो, घरी जा सगळे, इथं थांबू नका. ठके, आत्या आहे फोनवर. बोलू नकोस, नुसता श्वास घे.

(बऱ्याच वेळानं, पुन्हा फोनवर.)

बहीण : बोल रे काहीतरी. जीव टांगणीला लागलाय.

भाऊ : ऑक्सिजन लावलाय. ओठांवर रंग येतोय. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

बहीण : आणि बाकीची पोरं?

भाऊ : घरोघरी फोन करतो आता. सराव बंद. शर्यत गेली खड्ड्यात.

मुलगी : बाबा...

भाऊ : बोलू नकोस गं.

मुलगी : रागावू नका ना. मी मधेच थांबले.