इस्त्रीचा प्लग आणि पळवलेला फ्यूज

नाव टाकेबाई (कागदावर दुसरे आहे, पण त्या नावाने हाक मारल्यास मी वळून बघत नाही), वय ५९ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार बेकरीच्या वरचा मजला.

मी आज पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून समक्ष सांगते की, माझे पती पूर्वी घड्याळे दुरुस्त करत. आता घरीच असतात. घरातील मेन स्विचचा फ्यूज व पत्नी गेल्याची तक्रार त्यांनी काल दिली. फ्यूज मी नेला. तक्रारीत फ्यूज आधी व मी नंतर आहे, तो क्रम बदलून मिळावा.

शिवणयंत्राजवळ इस्त्रीसाठी प्लग हवा होता. माझी धाकटी बहीण वायरमनचे काम करते. तिला बोलावू म्हटल्यावर पती म्हणाले, "आयुष्यभर घड्याळं उघडली मी. एका प्लगसाठी मेहुणीचे पाय धरू?" त्यांनी मेन बंद न करताच काम काढले, म्हणून तो मी बंद केला. त्यावरून बोलाचाली झाली.

प्लग बसला, इस्त्री तापली. परंतु बटण बंद करूनही इस्त्रीच्या पत्र्याला बोट लागले की मुंग्या येत. पतींना सांगितले असता, "तुझं रक्त फिरत नाही नीट," असे ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः हात लावला व "आई गं!" म्हणाले. विचारले असता, आईची आठवण झाली असे सांगितले.

मी बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "ताई, भावोजींनी बटण न्यूट्रलवर घेतलं असणार. ते फेजवर हवं, नाहीतर बटण बंद करूनही आत करंट राहतो. आणि अर्थिंगची हिरवी वायर जोडलीये ना?" पतींना विचारले. हिरवी वायर जास्तीची वाटली म्हणून कापली, असे ते म्हणाले.

नंतर मी भाजीला गेले. परतले तेव्हा पती ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून बोर्ड उघडत होते. मेन चालू होता. मी काय ओरडले ते आठवत नाही. भाजी जिन्यात सांडलेली शेजाऱ्यांनी गोळा केली. मी मेन पाडला, फ्यूज काढून पर्समध्ये टाकला व बहिणीकडे गेले. "आता बसा उकडत," असे मी म्हणाले, हे खरे आहे. दुकानात नवा फ्यूज मिळत असताना पती ठाण्यात का आले, याबद्दल मला काही सांगायचे नाही.

आज सकाळी पतींनी मेहुणीला स्वतः फोन केला. काय बोलले ते ती सांगत नाही, नुसती हसते. तिने टेस्टरने खात्री करून बटण फेजवर घेतले व अर्थिंग जोडले. पतींनी तिच्यासाठी स्टूल धरले. फ्यूज जागेवर आहे, मीही घरी आले आहे. माझी काही तक्रार नाही.

हा जबाब चालू असताना पती बाहेर हवालदारसाहेबांना, "तुमच्या पंख्याचं बटण खरखरतंय, पाच मिनिटांचं काम," असे सांगताना मी ऐकले. त्यांना पेचकस देऊ नये, अशी विनंती.

वरील मजकूर मला वाचून दाखवत असताना ठाण्यातील वीज गेली. उरलेला भाग दारातल्या उजेडात वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.